मोईजभाईंचे खालचे सूर

१

समर्थची नोकरीच चुका काढायची होती. चाकणच्या एका कंपनीत तो क्वालिटीला होता. गाड्यांच्या दारांच्या बिजागऱ्या त्याच्यापुढे क्रेट भरभरून यायच्या आणि तो प्रत्येकीच्या कडेवरून उजव्या हाताची अनामिका फिरवायचा. कडेला पत्र्याचा बारीक काटा राहिला असला, ज्याला तिथे सगळे 'बर' म्हणतात, तर तो त्या बोटाला कळायचा. बाकीचे लोक तर्जनी वापरत. समर्थचं म्हणणं असं, की गंध लावायचं बोट सगळ्यांत हळवं असतं. पास झालेल्या मालावर हिरव्या मार्करचा ठिपका द्यायचा, आणि त्यातला थोडा रंग रोज त्याच बोटाच्या पेराला लागायचा. थिनरने घासूनही तो डाग जात नसे.

"पोरगी बघायला जाशील तेव्हा तेवढं बोट खिशात ठेव," असं आई, म्हणजे रुक्मिणीबाई, म्हणायची.

दिवसभर चुका काढणारा माणूस सुट्टीला शांत पडून राहील असं कुणालाही वाटेल. समर्थ सुट्टीला चुका करायला जायचा. गुरुवारी या सगळ्या कारखान्यांच्या पट्ट्याला सुट्टी असते, तेव्हा तो गिटार पाठीला लावून मिळेल त्या रिकाम्या जागेत तालमीला जायचा. सोबत सांगवीची मैत्री असायची. ती हिंजवडीत कामाला होती आणि गुरुवारी ती घरून काम करते असा तिच्या कंपनीचा समज होता. मैत्री ड्रम बडवायची आणि बडवता बडवता ओरडायचीही. बँडचं नाव 'लाल पेटी'. कंपनीत रिजेक्ट झालेला माल ज्या कुलपाच्या पेटीत टाकतात, ती लाल पेटी.

त्यांच्या संगीताला हार्डकोर पंक म्हणतात. ते ज्याने ऐकलं नसेल त्याने शिफ्ट सुटताना गेटवर सगळ्या दुचाक्या एकदम चालू होतात तो आवाज आठवावा, आणि त्या गोंगाटात एक मुलगी कँटीनच्या चहाबद्दल जीव तोडून तक्रार करते आहे असं समजावं. गाणं मिनिटभरात संपतं. बहुतेकांना तेवढंही पुरतं.

२

मोईजभाई त्यांना नाशिक फाट्याला सापडले. वरातीने रस्ता अडवला होता आणि दोघं मैत्रीच्या स्कूटरवर अडकली होती. गुलशन ब्रास बँड, देहूरोड. पुढे लाल कोटातला, मेंदी लावलेल्या दाढीचा एक गृहस्थ सॅक्सोफोन वाजवत होता. गाणं सिनेमाचंच होतं, पण हा बाबा ते सगळ्या बँडच्या एक मजला वरून वाजवत होता, आणि अधूनमधून सूर गाळून भलत्याच ठिकाणी उडी घेत होता. किंचाळत, घसरत, पुन्हा वर चढत. नवरदेवाचा घोडा कान मागे पाडून उभा होता.

"हा माणूस आपल्याला पाहिजे," असं म्हणून मैत्रीने स्कूटर तिथेच लावली.

उड्या मारण्यामागे कला वगैरे काही नव्हती. मोईजभाईंच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी मुळापासून गेलेली होती. सॅक्सोफोनच्या अगदी खालच्या किल्ल्या त्याच दोन बोटांखाली येतात. बोटं नाहीत म्हणून खालचे सूर नाहीत, आणि खालचे सूर नाहीत म्हणून वरच्या वर सगळी धावपळ. परदेशात लोक असं मुद्दाम वाजवतात आणि त्याला फ्री जॅझ म्हणतात, हे मैत्रीने त्यांना सांगितलं, तेव्हा ते जराही चकित झाले नाहीत. मोईजभाईंना स्वतःबद्दलची कुठलीही चांगली गोष्ट आधीपासूनच ठाऊक असे.

बोटं कशी गेली असं विचारलं, की दरवेळी नवी हकीकत मिळायची. वरातीच्या घोड्याने चावली, ही त्यांची आवडती.

पहिल्या तालमीला गाणं संपलं तेव्हा ते सॅक्सोफोन ओठाला लावायच्याच बेतात होते.

"खलास?" ते म्हणाले. "अरे भावा, अजून नवरदेव घोड्यावर चढला नाही. वऱ्हाडाने नाचायचं कधी?"

पण पुढच्या गुरुवारी ते अत्तर लावून वेळेच्या आधी हजर होते.

३

तिघांनी अल्बम करायचा ठरवला, नाव 'गुरुवार बंद'. रेकॉर्डिंगला कुरुळीच्या आतली एक बंद शेड मिळाली, ती उद्धवरावांची होती. त्यांच्या शेतावर एमआयडीसी आली तेव्हा त्यांनी उरल्या तुकड्यावर शेडा बांधून भाड्याने दिल्या, आणि ही एक रिकामीच ठेवली. मोईजभाईंचं नाव काढल्यावर त्यांनी किल्ली काढून दिली, का आणि कशाला विचारलंसुद्धा नाही. आत कोपऱ्यात ताडपत्रीखाली पत्रा दाबून कापायचा एक जुना पॉवर प्रेस होता. मोटर काढलेली, पट्टा नाही, वर दसऱ्याचा वाळलेला झेंडूचा हार. छतात पत्र्याच्या जागी एक प्लॅस्टिकचा तुकडा होता, त्यातून दुपारचं पिवळं ऊन नेमकं मोईजभाई उभे राहत तिथे पडायचं. बाहेर सुट्टीची शांतता, आत हे तिघं.

मिक्सिंग समर्थ घरी करायचा, कासारवाडीला, हेडफोन लावून. 'टार्गेट' नावाचं गाणं ऐकताना मध्येच तो थांबला. मैत्री ओरडते, मोईजभाई किंचाळत वर जातात, आणि तिथून सॅक्सोफोन सरळ, न अडखळता, जिना उतरल्यासारखा एकेक सूर खाली येतो. तळाशी येऊन थांबतो. जाड, उबदार, भरलेला सूर.

मोईजभाईंकडे तो सूर नव्हता.

समर्थने हेडफोन काढला. लोकल जात असेल. खिडकीबाहेर काहीच जात नव्हतं. मग हायवेचा ट्रक असेल, शेजारच्या शेडचा कंप्रेसर असेल. त्याने प्रत्येक माइक वेगळा करून ऐकला. सूर फक्त सॅक्सोफोनच्या माइकमध्ये होता, आणि त्याच्या आधी श्वास घेतल्याचा आवाजही होता. त्याने मैत्रीला फोन लावला.

"आपल्या अल्बममध्ये काहीतरी चुकलंय."

"समर्थ, आपल्या अल्बममध्ये काय चुकलंय हे तू ओळखणार कसं?"

"एक जागा बरोबर आलीये," समर्थ म्हणाला. "तेच चुकलंय."

मैत्री हसली. मग तिने फाईल ऐकली आणि म्हणाली, भारी आहे, ठेव. तिच्या लेखी विषय संपला. समर्थचा संपला नाही, कारण एखादा तुकडा कसा पास झाला हे कळल्याशिवाय त्याला ठिपका देता येत नसे.

४

त्याच रात्री जेवताना रुक्मिणीबाई त्याच्या ताटाकडे बघत राहिल्या.

"भात का सांडतोयस?"

खाली पाहिलं तर ताटाभोवती शितं पडली होती. घास तीन बोटांत उचलला जात होता आणि उरलेली दोन नुसती बाजूला उभी होती, पाहुण्यांसारखी. समर्थने ती वाकवून पाहिली. वाकली. टोचून पाहिली, तर टोचलेलं कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरात टोचल्यासारखं वाटलं.

"चमचा दे की," तो गमतीने म्हणाला.

"चमच्यानं आजारी माणसं जेवतात," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्या लातूरच्या. त्यांच्या घरात चमचा फक्त औषधाला आणि मसाल्याच्या डब्यात.

दोन दिवसांनी कंपनीत त्याच्या टेबलावरच्या बिजागऱ्यांवर लाल ठिपके दिसायला लागले. सुपरवायझरने ओरडून विचारलं की लाल मार्कर कुणी आणला. मार्कर नव्हता. समर्थच्या अनामिकेला बरने चिरलं होतं आणि त्याला पत्ताच नव्हता. तो तसाच तुकड्यामागून तुकडा पास करत होता.

कंपनीच्या डॉक्टरांनी कोपर ठोकून पाहिलं. कोपर टेबलावर टेकवून लॅपटॉपवर बसता का, हो, मग शीर दबते, अनामिका आणि करंगळीच बधिर होतात, पुस्तकात आहे. गोळ्या दिल्या. समर्थला इतका आनंद झाला की त्याने डॉक्टरांना अल्बम ऐकवायचं कबूल केलं. डॉक्टर म्हणाले, घाई नाही.

आनंदाचं कारण साधं होतं. पुढच्या महिन्यात त्याला कायम करणार होते आणि त्याआधी मेडिकल होती. ज्याच्या बोटाला बर कळत नाही त्या इन्स्पेक्टरला कायम करायला कंपनी काही धर्मादाय संस्था नव्हती. पुस्तकात असलेल्या दुखण्यावर पुस्तकात इलाजही असणार.

म्हणून घरी येऊन त्याने कोपराखाली मऊ उशी घेतली, ताठ बसला आणि 'टार्गेट' लावलं. सॅक्सोफोन जिना उतरू लागला. प्रत्येक सुरागणिक बोटांतली ऊब काढून घेतल्यासारखी गेली. तळाचा सूर लागला तेव्हा ती दोन बोटं कुठे आहेत हे त्याला डोळे मिटून सांगता आलं नसतं. गाणं बंद केलं. हळूहळू मुंग्या आल्या. पुन्हा लावलं, ऊब पुन्हा गेली.

"उशी बरोबर बसली नाही," समर्थ स्वतःशी मोठ्याने म्हणाला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याला ते कुणालातरी पटवून द्यावंसं वाटलं.

५

पुढच्या गुरुवारी त्याने तो तुकडा मोईजभाईंना ऐकवला. त्यांनी मोठे हेडफोन कानाला लावले.  मांडीवर ठेवलेल्या उजव्या हातावर, जिथे दोन बोटं नव्हती तिथली कातडी वर-खाली हलत होती.

"हा मी आहे," ते म्हणाले.

"भाई, पण तुम्हाला हा सूर..."

"अब्बा होते तेव्हा असाच वाजवायचो मी. ऐक ना, शेवटी जरा रेंगाळतो, अब्बा त्याच्यावरून शिव्या द्यायचे." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. "बावीस साल झाली, भावा. मला वाटलं माझा आवाज मी विसरलो."

 इतका बढाईखोर माणूस एवढ्याशा सुरासाठी रडताना बघून त्याला त्याच्याबद्दल फार माया वाटली, आणि त्याच वेळी भीतीही वाटली.

"भाई, त्या गाण्याने माझी बोटं बधिर होतात."

"गिटार एवढं जोरात वाजवतोस, होणारच," मोईजभाई म्हणाले आणि तो तुकडा पुन्हा लावला.

उद्धवराव किल्लीसाठी आले तेव्हा समर्थने त्यांना बाहेर गाठलं आणि घोडा खरंच चावला होता का ते विचारलं.

"कुठला घोडा?" उद्धवराव म्हणाले. "हितंच गेली बोटं. मोईज तवा माज्याकडं प्रेसवर व्हता. दिवसा प्रेस, सांजच्याला वरात. त्या मशीनला दोन बटणं असत्यात. दोनी हातांनी दाबल्याबिगर प्रेस खाली येत न्हाई, म्हंजी हात आत राहायचाच न्हाई. पर लग्नसराई, ह्याला वरातीची घाई. घातली एका बटनात काडी, न् एका हातानं काम रेटत बसला."

 त्याने स्वतः कंपनीत असल्या काड्या पाहिल्या होत्या आणि पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं.

"मग बोटं?"

"घावली न्हाईत. समदं भंगार उलथंपालथं केलं. मोईज म्हनतो, ती आता एखाद्या गाडीच्या दारात बसून नाशिक हायवेला फिरत असत्याल." उद्धवराव हसले, पण नजर शेडच्या दाराच्या आत गेली नाही. "त्यो प्रेस इकाया काढलाय कवाचा. गिऱ्हाईक येतं, हात लावतं, हात चोळत निगून जातं. मी बी दसऱ्याला हार न् हळदकुंकू लांबूनच टाकतो."

"का?"

"बरं वाटत न्हाई," उद्धवराव म्हणाले आणि विषय उन्हाकडे नेला.

६

एकच गाणं उरलं होतं. 'गुरुवार'. मैत्रीची कल्पना अशी की अल्बमभर एवढी मारामारी झाल्यावर शेवटी ड्रम नको, गिटार नको, फक्त सॅक्सोफोन, सुट्टीच्या दिवशी हा कारखान्यांचा पट्टा जसा वाटतो तसा.

समर्थने हे गाणं माझ्या घरी करू म्हणून पाहिलं. सांगवीला करू, देहूरोडला करू, नाहीतर आहे तेवढ्यावर अल्बम संपवू. मैत्री त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली.

"डॉक्टर शीर म्हणालेत ना तुला?"

"हो."

"मग शिरेचं काय ते डॉक्टर बघतील."

मोईजभाईंनी वाद घातला नाही. ते समर्थजवळ आले, तीन बोटांचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "एकच गाणं, भावा. मग मी परत लाल कोटात. तू म्हणशील तर नाही वाजवत."

तू म्हणशील तर. समर्थच्या मनात आलं, की याने घोड्याची थाप मारली असती, हट्ट केला असता, तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं. त्याने लॅपटॉप उघडला.

शेडचं दार ओढून घेतलं. छताच्या तुकड्यातून ऊन मोईजभाईंवर पडलं होतं. ते पाठमोरे, थोडे तिरके उभे होते, म्हणजे समर्थला त्यांच्या कोपराच्या आडून पितळेचं रुंद तोंड तेवढं दिसत होतं, किल्ल्या नाही. मैत्री ड्रममागे डोळे मिटून बसली होती. लॅपटॉपची स्पेस दाबली की रेकॉर्डिंग सुरू, पुन्हा दाबली की बंद. समर्थने एकदा दाबली.

पहिले काही सूर नेहमीचेच, वरचे, धांदलीचे. मग मोईजभाईंनी श्वास घेतला. कोपऱ्यात ताडपत्री जरा सरकल्यासारखा आवाज आला. वारा असेल, समर्थला वाटलं. दार बंद असताना कुठून आला हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

सॅक्सोफोन जिना उतरू लागला.

उजव्या हातातलं गरमपण करंगळीपासून जाऊ लागलं. समर्थने हात छातीशी धरला. शीर आहे, कोपर आहे, पुस्तकात आहे. मोईजभाई आणखी एक पायरी उतरले आणि जरासे वळले, आणि कोपर बाजूला झालं.

पितळेच्या सगळ्यांत खालच्या किल्ल्यांवर दोन बोटं होती.

नीट, सावकाश, अगदी सराईतपणे ती किल्ल्या दाबत होती आणि सोडत होती. मोईजभाईंचा हात सावळा आणि राकट. ही बोटं गोरी आणि तरुण होती. त्यांतल्या एकाच्या पेरावर हिरवा डाग होता. उन्हात तो स्वच्छ दिसत होता, थिनरने न जाणारा.

समर्थचा अंगठा स्पेसवर होता. अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं, अंगठा ठणठणीत होता. नुसता दाबायचा अवकाश होता. त्याने मोईजभाईंच्या गालाकडे पाहिलं. गाल ओला होता, आणि तो माणूस इतका सुखात वाजवत होता की मधे पडायला समर्थचं मन धजेना. शेवटचा सूर लागला. तो जरासा रेंगाळला, अब्बा शिव्या द्यायचे तसा, आणि मग संपला.

ताडपत्रीखाली काहीतरी एकदाच ठक् करून वाजलं.

"काय पडलं?" डोळे उघडून मैत्रीने विचारलं. मग ती समर्थकडे वळली. "बरं, टेक कसा झाला? क्वालिटीवाले?"

आजवर समर्थने एकही टेक पहिल्या फटक्यात पास केला नव्हता.

"ओके," तो म्हणाला.

मोईजभाई सॅक्सोफोन पुसायला बसले. पुसता पुसता त्यांनी तो उन्हाकडे धरला.

"अरे, हा हिरवा रंग कुठून लागला?" ते म्हणाले, आणि सदऱ्याच्या टोकाने किल्ली घासू लागले. "जात पण नाही."

समर्थने हात खिशात घातला.

७

घरी रुक्मिणीबाईंनी ताट वाढलं. वरण, भात, वर लिंबाची फोड. समर्थ पाटावर बसून राहिला.

"जेव की. का हात खिशात घालून बसलायस?" त्यांनीच त्याचा हात ओढून बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला. पाची बोटं होती. त्या एकदम खूश झाल्या. "अगंबाई, डाग गेला की रे. कशानं घासलास? आता पोरगी बघायला जायला हरकत नाही."

त्यांनी ती अनामिका कौतुकाने आपल्या मुठीत घेतली, चांगली दाबली. समर्थ त्यांच्या मुठीकडे बघत होता.

"आई," तो म्हणाला, "चमचा दे."